बोलका घोडा, बाटलीतली जिनी आणि काही पक्के गैरसमज

नव्वदच्या दशकात केबल घरोघरी पोचली आणि सोनी वाहिनीवर गुलाबी पोशाखातली एक जिनी हिंदीत बोलू लागली. तिच्या आगेमागे ओठ मुरडून जादू करणारी सॅमंथाही आली. 'आय ड्रीम ऑफ जिनी' आणि 'बिविच्ड' या त्या दोन मालिका. दोन्ही काढल्या होत्या 'स्क्रीन जेम्स'ने, म्हणजे हॉलिवुडच्या कोलंबिया स्टुडिओच्या टीव्ही शाखेने, आणि कोलंबिया १९८९ साली सोनीने विकत घेतला होता. सोनीच्या दृष्टीने हा घरचाच माल. आपल्या प्रेक्षकाला तो नवा वाटला, तरी तेव्हाच तो तीस वर्षांचा जुना होता आणि त्याच्याभोवती दंतकथांचं रान माजलं होतं. इंटरनेट आल्यावर त्या दंतकथाही इकडे पोचल्या.

त्यातल्या बऱ्याच गमतीच्या आहेत, पण एक समजूत मुळातलीच आहे. या मालिका जादूबद्दल होत्या, असं सगळे धरून चालतात. त्या नीट पाहिल्या तर कथा जादूने फार थोडी पुढे सरकते. ती सरकते जादूवरच्या बंदीने : नवऱ्याने घातलेली बंदी, शेजाऱ्यांना कळू न देण्याची बंदी, एकाच माणसाला भूत दिसेल ही अट. शिवाय पडद्यामागे खर्चाची आणि यंत्रांची बंधनं होती ती वेगळीच. हे लक्षात घेतलं की इतिहासातल्या पुष्कळ गाठी आपोआप सुटतात.

केनेडींची हत्या झाली म्हणून चेटकिणी आल्या?

सगळ्यांत जास्त कानावर येणारं, आणि त्यातल्या त्यात विद्वत्तेचं वाटणारं मत असं : नोव्हेंबर १९६३मध्ये राष्ट्राध्यक्ष केनेडींची हत्या झाली, अमेरिका हादरली, आणि वास्तवापासून तोंड फिरवायला लोकांनी टीव्हीवर चेटकिणी, भुतं आणि मंगळवासी बोलावले. वाक्य ऐकायला छान आहे. तारखा काढून बसलं की कोसळतं.

बोलक्या घोड्याची 'मिस्टर एड' जानेवारी १९६१मध्ये सुरू झाली. मंगळावरून येऊन एका वार्ताहराच्या घरी 'मार्टिन काका' म्हणून राहणाऱ्या पाहुण्याची 'माय फेव्हरिट मार्शन' सीबीएसवर आली ती २९ सप्टेंबर १९६३ला. हत्येच्या जवळजवळ आठ आठवडे आधी. राहिली 'बिविच्ड'. ती १७ सप्टेंबर १९६४ला एबीसीवर सुरू झाली, पण सोल सॅक्स यांनी लिहिलेल्या पहिल्या भागाच्या तालमी ठरल्या होत्या नेमक्या २२ नोव्हेंबर १९६३ या दिवशी. दिग्दर्शक विल्यम ॲशर यांना तो धक्का व्यक्तिशः बसला. केनेडींच्या वाढदिवसाचा १९६२ सालचा सोहळा, ज्यात मेरिलिन मन्रो गायली होती, तो त्यांनीच उभा केला होता. म्हणजे डॅलसहून बातमी आली तेव्हा सॅमंथा कागदावर पूर्ण उतरलेली होती, नटसंच ठरलेला होता. प्रेक्षकांनी तिला डोक्यावर घेतलं त्यात त्या उदास वर्षाचा हातभार असू शकेल. जन्माचं श्रेय मात्र देता येत नाही.

मग जन्म कुठला? निदान दहा वर्षं मागे जावं लागतं. ९ ऑक्टोबर १९५३ला सीबीएसवर 'टॉपर' सुरू झाली. कॉस्मो टॉपर हा बँकेतला पापभीरू माणूस एक घर विकत घेतो. घराचे आधीचे मालक, जॉर्ज आणि मॅरियन कर्बी हे रंगेल जोडपं, बर्फाचा कडा कोसळून मेलेलं असतं. त्यांना वाचवायला आलेला सेंट बर्नार्ड कुत्राही त्यातच गेलेला. आता तिघंही घरात भुतं म्हणून नांदतात, आणि कुत्र्याला दारूचं व्यसन आहे. कर्बी जोडप्याचं काम करणारे ॲन जेफ्रीज आणि रॉबर्ट स्टर्लिंग खरोखरचे नवरा-बायको होते. टॉपर झाले होते लिओ जी. कॅरॉल. भुतं फक्त त्यांनाच दिसायची आणि ऐकू यायची, त्यामुळे हवेशी भांडणारा एक प्रतिष्ठित गृहस्थ, एवढ्यावर भागच्या भाग निघत.

पहिल्या वर्षी या मालिकेचे दहाएक भाग लिहिण्यात तेविशीतल्या एका पोराचा हात होता. नाव स्टीफन सॉन्डहाइम. चार वर्षांनी त्याने 'वेस्ट साइड स्टोरी'ची गाणी लिहिली आणि पुढे अमेरिकी संगीत रंगभूमीचा तो मेरुमणी झाला. भुताच्या विनोदी मालिका म्हणजे कुणीही खरडावं असं काम, असं वाटणाऱ्यांनी एवढं ध्यानात ठेवावं.

'फक्त एकालाच दिसतं' ही अट आपल्यालाही अनोळखी नाही. १९९५मध्ये झी टीव्हीवर आलेल्या 'हम पाँच'मध्ये अशोक सराफ यांच्या आनंद माथुरला भिंतीवरच्या फोटोतून त्याची दिवंगत पहिली बायको सुनवायची, आणि त्या चौकटीत बसल्या होत्या प्रिया तेंडुलकर.

जिनी आधी की सॅमंथा, आणि कुणी कुणाची चोरली?

आपल्याकडे जिनी जास्त लोकप्रिय झाली, म्हणून ती मूळ आणि सॅमंथा तिची नक्कल, असं अनेकांना वाटतं. प्रत्यक्षात जिनी वर्षभराने धाकटी. एनबीसीवर ती १८ सप्टेंबर १९६५ला आली. त्याआधीच्या हंगामात 'बिविच्ड'ने लोकप्रियतेत देशात दुसरा क्रमांक मिळवला होता, पहिल्या 'बोनान्झा'च्या पाठोपाठ, आणि तशी आणखी एक मालिका प्रत्येक वाहिनीला हवी होती. ती लिहायला घेतली सिडनी शेल्डन यांनी. हो, तेच. रेल्वे स्टेशनच्या स्टॉलवर ज्यांच्या जाडजूड रहस्यकथा हारीने लावलेल्या असतात, ते. त्यांची पहिली कादंबरी छापून आली १९७० साली, जिनी संपली त्याच वर्षी. त्याआधी १९४७च्या एका चित्रपटाच्या पटकथेसाठी त्यांनी ऑस्करही मिळवलं होतं. 'जिनी'चे इतके भाग ते एकहाती लिहीत, की श्रेयनामावलीत सारखं तेच नाव दिसू नये म्हणून त्यांनी टोपणनावं घेतली.

जिनीची नायिका सोनेरी केसांची नको, असं शेल्डन यांचं आधी ठाम मत होतं. सॅमंथाशी साम्य उघड दिसलं असतं. काळ्या केसांच्या बऱ्याच जणींना तपासून झाल्यावर त्यांनी सोनेरी केसांच्या बार्बरा ईडनलाच बोलावलं. बार्बराने १९६४च्या 'द ब्रास बॉटल' चित्रपटात काम केलं होतं. त्या चित्रपटात बाटलीतून निघणारा जिन होता जाडजूड बर्ल आइव्हज, आणि बार्बरा साधी माणसांतली प्रेयसी! चित्रपट ज्या इंग्रजी कादंबरीवरून निघाला, ती १९०० सालची.

म्हणून 'चोरी' म्हणायची तर ती दोघींनी मिळून जुन्या कपाटातून केली आहे. सॅमंथामागे 'आय मॅरिड अ विच' (१९४२) हा चित्रपट आणि जॉन व्हॅन ड्रूटन यांचं 'बेल, बुक अँड कँडल' हे नाटक आहे, आणि या नाटकावरचा १९५८चा चित्रपट कोलंबियाचाच होता. 'आय मॅरिड अ विच' ज्या अपुऱ्या राहिलेल्या आणि दुसऱ्याने पुऱ्या केलेल्या कादंबरीवर बेतला, तिचा मूळ लेखक थॉर्न स्मिथ. 'टॉपर' ही कादंबरीही त्याचीच, १९२६ची. स्मिथ १९३४ सालीच वारला. टीव्ही त्याने पाहिलाही नाही. त्याच्या टॉपरचा काळ अमेरिकेतल्या दारूबंदीचा, आणि सभ्य माणसाला चोरून मजा करायला लावणारी मंडळी भुतं असावीत, ही कल्पना त्या काळात सुचणं अगदी साहजिक होतं. साठच्या दशकातल्या मालिकांनी तीच कल्पना उपनगरातल्या बंगल्यात आणून ठेवली. दारूच्या जागी जादू आली, आणि पोलिसाच्या जागी खिडकीतून टेहळणारी शेजारीण.

घोड्याच्या तोंडात पीनट बटर

मिस्टर एड बोलायचा कसा? कुणालाही विचारा, उत्तर तयार असतं : त्याच्या हिरड्यांना पीनट बटर फासायचे, ते चाटायला तो ओठ हलवायचा. ही गोष्ट पसरवली खुद्द नायक ॲलन यंग यांनी. युक्ती उघड करायची नव्हती, आणि लोकांना कथा आवडली. पुढे म्हातारपणी त्यांनीच सांगून टाकलं की ती रचलेली होती. सुरुवातीला घोड्याच्या तोंडात, ओठाखाली, नायलॉनचा बारीक दोरा असे. तो टोचला की घोडा ओठ वर-खाली करी. नंतर दोऱ्याची गरज उरली नाही. शिक्षक लेस हिल्टन यांनी खुराला हात लावला की ओठ हलवायचे, एवढं तो शिकला. त्याहून पुढची पायरी त्याने स्वतःच गाठली : यंग यांचं वाक्य संपून ते थांबले, की घोडा आपण होऊन ओठ हलवायला लागे. संवादात आपली पाळी कधी येते हे ज्याला कळतं, असे नट माणसांतही फार नसतात.

घोड्याचं खरं नाव बांबू हार्वेस्टर. आवाज होता ॲलन लेन यांचा. चाळीसच्या दशकात ते काउबॉय चित्रपटांचे नायक होते, आणि घोड्याला आवाज देण्याच्या या कामावर त्यांचं नाव कधी झळकलं नाही. पडद्यावर लिहिलेलं असे, मिस्टर एडच्या भूमिकेत : तो स्वतः.

दुसरी दंतकथा जास्त मजेशीर आहे. मिस्टर एड घोडा नव्हताच, तो झेब्रा होता, आणि कृष्णधवल चित्रणात पट्टे दिसत नसत म्हणून कुणाला कळलं नाही! ही बातमी तुम्हाला कुणी पाठवली असेल तर तिचा उगम माहीत असू द्या. अफवा तपासणाऱ्या 'स्नोप्स' या संकेतस्थळाने ती मुद्दाम रचली. आमच्यावर विश्वास आहे म्हणून आम्ही सांगू ते तपासल्याशिवाय गिळू नका, हे वाचकांना दाखवून द्यायला. लोकांनी ती आनंदाने गिळली, आणि अजून पुढे पाठवत असतात. बांबू हार्वेस्टर फिक्या सोनेरी रंगाचा पॅलोमिनो होता.

या मालिकेची धंद्याची बाजू फारशी कुणी सांगत नाही. दिग्दर्शक आर्थर ल्युबिन यांनी 'फ्रान्सिस' या बोलक्या खेचराचे चित्रपट आधी गाजवले होते, तरी घोड्याच्या मालिकेला मोठी वाहिनी मिळेना. शेवटी स्टुडबेकर या मोटार कंपनीच्या पैशावर ती सुटी-सुटी स्थानिक केंद्रांना विकली गेली. तिथे चालली, तेव्हा सीबीएसने १९६१च्याच ऑक्टोबरात उचलली. वाहिनीने नाकारलेली मालिका मागच्या दाराने वाहिनीवर येणं, ही त्या काळी दुर्मीळ गोष्ट.

समोर प्रेक्षक हसत होते, आणि जादू सोपी होती

दोन्ही खोटं. 'आय लव्ह लूसी' १९५१पासून तीन कॅमेऱ्यांनी, खऱ्या प्रेक्षकांसमोर चित्रित होई. ॲशर यांनीच तिचे कितीतरी भाग केले होते. पण 'बिविच्ड' तशी करणं शक्य नव्हतं. कारण पाहायचं तर स्वयंपाकघरातलं एक दृश्य घ्या. ओट्यावर खरकट्या भांड्यांचा ढीग आहे. सॅमंथा दोन्ही हात वर करते आणि क्षणात सगळं लखलखीत होतं. पडद्यावर हे एका सेकंदात घडतं. सेटवर मात्र सॅमंथा झालेली एलिझाबेथ माँटगोमेरी हात वर करून पुतळ्यासारखी थांबते, कॅमेरा बंद होतो, माणसं धावत येतात, भांडी उचलतात, ओटा पुसतात, मांडणी लावतात, बाहेर पळतात. तिने बोटही हलवायचं नाही, मानही नाही. मग कॅमेरा पुन्हा सुरू, आणि ती हात खाली आणते. हात थोडा जरी ढळला असेल तर जोड पडद्यावर दिसणार आणि सगळं पहिल्यापासून. तरंगणाऱ्या वस्तूंना तारा, आपोआप उघडणाऱ्या दारामागे एक माणूस. असं चित्रण बघत बसलेला प्रेक्षक हसणार कधी? म्हणून हसू नंतर जोडलं जाई, चार्ल्स डग्लस यांच्या यंत्रातून : ध्वनिमुद्रित हशाची पेटी, कळ दाबली की खिदळणं, दुसरी दाबली की गडगडाट.

याच अडचणीमुळे 'जिनी'चा पहिला हंगाम कृष्णधवल आहे. १९६५च्या शरदात एनबीसीने जवळपास सगळ्या मालिका रंगीत केल्या होत्या. मागे राहिल्या त्या दोन, आणि त्यांतली एक जिनी. जादूची दृश्यं रंगीत फिल्मवर महाग आणि अवघड पडत. शेल्डन जास्तीचा खर्च स्वतःच्या खिशातून द्यायला तयार होते. कशाला पैसे वाया घालवता, अशा अर्थाचं उत्तर स्टुडिओकडून आलं, असं त्यांनी आत्मचरित्रात लिहिलं आहे. आणि ती दोन हजार वर्षांची पौर्वात्य बाटली? १९६४च्या नाताळासाठी जिम बीम व्हिस्कीने काढलेली शोभेची बाटली, वरून रंगवलेली.

मन्स्टर्सनी ॲडम्सची नक्कल केली

'द ॲडम्स फॅमिली' एबीसीवर आली १८ सप्टेंबर १९६४ला, 'द मन्स्टर्स' सीबीएसवर २४ सप्टेंबरला. सहा दिवसांत मालिका चोरता येत नाही. दोन्ही स्वतंत्रपणे शिजत होत्या. पहिलीचा आधार चार्ल्स ॲडम्स यांची 'न्यूयॉर्कर'मधली, १९३८पासूनची व्यंगचित्रं. आणि त्या चित्रांतल्या मंडळींना टीव्ही येईपर्यंत नावंच नव्हती. दुसरी युनिव्हर्सल स्टुडिओची. फ्रँकेन्स्टाइनच्या राक्षसाचा तो प्रसिद्ध चेहरा त्यांच्याच मालकीचा, म्हणून तो त्यांनी सकाळी कामावर जाणाऱ्या बापाला चढवला.

या दोन घरांत लपवण्यासारखं काही नाही. आपण विचित्र आहोत हेच कुणाला ठाऊक नाही, म्हणून बंदीही नाही. दोन्ही मालिका दोन वर्षांत, १९६६ सालीच संपल्या. रंगीत 'बॅटमॅन'ने 'मन्स्टर्स'चा प्रेक्षक ओढला हे खरं, पण मला वाटतं गोष्टीतही ताण कमी होता. सॅमंथा आठ वर्षं टिकली, कारण तिला रोज काहीतरी न करण्याचा प्रयत्न करायचा होता.

'जिनी'चा शेवट याला साक्ष आहे. जिनी आणि अंतराळवीर टोनी नेल्सन यांचं लग्न लावा, असा वाहिनीने आग्रह धरला. शेल्डन, बार्बरा आणि नायक लॅरी हॅगमन, तिघांचा विरोध होता. २ डिसेंबर १९६९ला लग्न लागलं, आणि पुढच्या मे महिन्यात मालिका बंद. कोण ही बाई, हे लपवायचं कारणच संपलं होतं.

किरकोळ समजुतींचा निकाल भराभर लावून टाकतो. सॅमंथाचं नाक हलत नसे. हलत असे वरचा ओठ, त्याबरोबर नाकाचा शेंडा जाई. जिनीची बेंबी दिसू नये हा एनबीसीचा दंडक होता, पण अधूनमधून ती पट्ट्याच्या वर डोकावलेली आहे. 'द फ्लाइंग नन'मधली सॅली फील्ड चमत्काराने उडत नसे. मालिकेच्या सांगण्याप्रमाणे शिडशिडीत अंग, पंखासारखी टोपी आणि समुद्रावरचा वारा एवढंच कारण होतं. आणि सॅमंथाच्या नवऱ्याचं काम करणाऱ्या डिक यॉर्कला कुणी काढून टाकलं नाही. एका चित्रपटाच्या सेटवर त्याच्या पाठीला जबर इजा झाली होती. त्या दुखण्याने तो १९६९मध्ये चित्रीकरण चालू असतानाच कोसळला आणि त्याने स्वतः काम सोडलं. मग दुसरा डिक आला, सार्जंट, आणि सॅमंथाचा नवरा बदलल्याचं मालिकेत कुणी उच्चारलंही नाही.

वास्तवाशी यांचा संबंध नव्हता

सॅमंथा ही नवऱ्याने दाबून ठेवलेली बाई, असं एक टोक. ती स्त्रीमुक्तीची पहिली पताका, असं दुसरं. मला दोन्ही अर्धीच पटतात. नवरा बंदी घालतो, ती मान डोलावते आणि अर्ध्या तासात मोडते. मोडल्यामुळेच त्याची नोकरी वाचते. बेट्टी फ्रीडन यांचं गृहिणींच्या कोंडमाऱ्यावरचं पुस्तक १९६३ सालचं आहे. घराघरांत ज्याची कुजबुज चालू होती, ते इथे हसत हसत दर आठवड्याला चाललं होतं.

एका भागात तर हसणंही बाजूला पडलं. लॉस एंजेलिसच्या जेफरसन हायस्कूलमधल्या, बहुतांश कृष्णवर्णीय, दहावीच्या वर्गाने एक कथा लिहिली, आणि २४ डिसेंबर १९७०ला ती 'बिविच्ड'चा भाग म्हणून दाखवली गेली. सॅमंथाची मुलगी टॅबिथा आणि तिची काळी मैत्रीण लीसा यांना बहिणी व्हायचं आहे. रंग वेगळा असला तर बहिणी होता येत नाही, असं कुणीतरी सांगतं. टॅबिथा जादू करते : तिच्या अंगावर काळे ठिपके, लीसाच्या अंगावर पांढरे. इकडे सॅमंथाच्या नवऱ्याचा एक श्रीमंत ग्राहक दारात लीसाला बघून समजतो की घरमालकाची बायको काळी आहे, आणि जाहिरातीचं काम काढून घेतो. शेवटी सॅमंथा त्याला सगळी माणसं काळी दिसतील असं करते. गोऱ्या नटांना काळं रंगवलेलं ते दृश्य आज बघताना अवघडायला होतं, आणि ते व्हायलाच हवं. पण त्या वेळी या भागाला एमीचा विशेष पुरस्कार मिळाला होता.

मग खऱ्या, प्रौढ मालिका आल्या

शेवटची समजूत अशी की सत्तरच्या दशकात शहाण्या लेखकांनी हा पोरखेळ हटवला. 'बिविच्ड'चा शेवट पाहता तसं वाटतंही. तिच्या अखेरच्या महिन्यांत एबीसीने तिला शनिवारी, सीबीएसच्या घणाघाती, वास्तववादी 'ऑल इन द फॅमिली'समोर उभं केलं, आणि २५ मार्च १९७२ला ती संपली.

पण लेखक तपासा. टीव्हीच्या इतिहासातल्या सर्वांत वाईट मालिकांच्या याद्यांत 'माय मदर द कार' हमखास असते. 'टीव्ही गाइड'ने २००२ साली तिला खालून दुसरं स्थान दिलं. १९६५ची ही मालिका, मेलेली आई १९२८च्या जुन्या मोटारीत अवतरते आणि रेडिओतून फक्त मुलाशी बोलते. बंदी आहे, गुपित आहे, 'एकालाच ऐकू येतं' हेही आहे, आणि तरी ३० भागांत गाडी बंद पडली. माझा सिद्धांत इथे दगडावर आपटतो, हे मान्य. तिच्या दोन जनकांपैकी एक ॲलन बर्न्स. 'मन्स्टर्स'च्या मूळ कल्पनेतही त्यांचा वाटा होता. मोटारीचा एक भाग जेम्स एल. ब्रूक्स या तरुणाने लिहिला होता. १९७०मध्ये बर्न्स आणि ब्रूक्स यांनी मिळून नोकरी करणाऱ्या, एकट्या राहणाऱ्या, जादू वगैरे काही न येणाऱ्या एका बाईची मालिका काढली : 'द मेरी टायलर मूर शो'. सात वर्षांत तिला २९ एमी मिळाले.